माळी, मुळा आणि मोळी

पत्ते हा शब्द नुसता उच्चारला तरी आमच्या लहानपणी वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडत. कोजागरीचे जागरण आणि मे महिन्याची दुपार एवढीच काय ती सवलत. एरवी घरात पत्त्यांचा कॅट दिसला की 'अभ्यास संपला वाटतं?' हा प्रश्न ठरलेला. तरीसुद्धा आम्ही बदाम सात खेळलो, झब्बू खेळलो, गुलामचोर खेळताना रडलो आणि लॅडीसमध्ये भिडूशी भांडलो. या सगळ्या उनाडपणात एक गोष्ट मात्र आपसूक झाली. दोनाची दुर्री, तिनाची तिर्री, सहाची छक्की, साताची सत्ती आणि दहाची दश्शी कशी होते ते आम्हांला कुणी शिकवले नाही. अंकाला प्रत्यय लागून नाम तयार होते हे पुढे महाविद्यालयात शिकताना कळले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती किलवरची सत्ती.

परवा आमच्या सोसायटीतली दोन मुले जिन्यात बसून बदाम सात खेळत होती. एकाने विचारले, "तुझ्याकडे सेव्हन ऑफ हार्ट्स आहे का?" खेळाचे नाव बदाम सात, आणि मागणी सेव्हन ऑफ हार्ट्सची! मी काही बोलले नाही. मुलाच्या हातात मोबाइलऐवजी पत्ते आहेत, एवढ्यावरच मनातल्या मनात समाधान मानले आणि पिशवी सावरत वर आले.

या सदरात मी वर्षभर शब्दांविषयी लिहिते, आणि त्यातले बरेचसे लिखाण तक्रारीचे असते हे नेहमीच्या वाचकांच्या लक्षात आलेच असेल. दिवाळीच्या अंकात तक्रार बरी दिसत नाही. म्हणून आज एका खेळाविषयी सांगते. तो बाजारात मिळत नाही, घरीच करावा लागतो. तो का करावा लागला ते मात्र आधी सांगायला हवे.

माझा भाचा मुंबईच्या उपनगरात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतो. गेल्या वर्षी तो नऊ वर्षांचा होता. बोलायला लागला की मराठी अशी झरझर बोलतो की ऐकत राहावे. परंतु तीच मराठी कागदावर दिसली की गडी गप्प. शाळेत मराठीचा तास आहे. राज्यात २०२० साली कायदाच झाला आहे, कोणत्याही माध्यमाच्या शाळेला मराठी शिकवावीच लागते. त्यामुळे पुस्तक आहे, वही आहे, गुणही बरे पडतात. धडा त्याला पाठ असतो. बोट ओळीवर ठेवून तो डोळे मिटूनसुद्धा 'वाचू' शकतो! पाठ नसलेली ओळ पुढे आली की मात्र 'क ला काना का' असे सुरू होते, आणि तिसऱ्या शब्दाला कंटाळा येतो.

तुम्ही म्हणाल, यात बिघडले काय? सगळ्यांची मुले अशीच आहेत. बिघडते ते असे. माझी आई माझ्याकडे पुण्याला असते. नातवाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती त्याला पत्र लिहिते. फोन करतेच, पण पत्रही लिहिते. फोनवर सांगायच्या गोष्टी वेगळ्या आणि पत्रात लिहायच्या वेगळ्या, असे तिचे म्हणणे. त्याच्या आजोबांच्या खोड्या, गावच्या ओढ्याला आलेला पूर, आणि 'हे तुझ्या बाबाला सांगू नकोस' अशा सूचनेसह लिहिलेली बाबांची लहानपणची फजिती, असे सगळे त्या पत्रांत असते. आणि ही पत्रे आमच्या वहिनी मोठ्याने वाचून दाखवतात! बाबाला सांगायचे नाही ते बाबांच्याच समोर वाचले जाते. नातवाला आजीचे पत्र पोहोचते, पण त्यातली कुजबुज वाटेतच हरवते. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही सर्वांनी एकमेकांना पेढे दिले. भाच्यानेही पेढा खाल्ला आणि 'अभिजात' हा शब्द वहिनींकडून वाचून घेतला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो पुण्याला आला, तेव्हा त्याने बॅगेतून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ आणला होता. हा खेळ आता बहुतेकांना माहीत आहे. आल्फ्रेड बट्स नावाच्या एका अमेरिकन वास्तुविशारदाने १९३० नंतरच्या मंदीच्या काळात तो रचला. कोणते अक्षर किती वेळा येते हे ठरवण्यासाठी या गृहस्थाने वर्तमानपत्रांची पाने घेऊन अक्षरे मोजली. पुढे १९४८ साली त्या खेळाला 'स्क्रॅबल' हे नाव मिळाले. भाचा त्यात तरबेज. "आत्या, असं मराठीत का नाही ग?" असे त्याने विचारले, आणि मी पेन उघडले.

मराठीत तसेच्या तसे होत नाही, याचे कारण आपली लिपी. इंग्रजीत सव्वीस अक्षरे, ती एकापुढे एक मांडली की शब्द तयार. आपल्याकडे ङ आणि ञ सोडले तरी ळ धरून बत्तीस व्यंजने उरतात. त्यांची बाराखडी करा, ३८४ पाने झाली! जोडाक्षरे अजून बाहेरच उभी आहेत. एवढा गड्डा पिसायला पहिलवान लागेल. काना, मात्रा, वेलांटी यांची वेगळी पाने करावीत, तर पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर आणि लिहिताना व्यंजनाच्या आधी. उकार खाली, मात्रा वर. सतरंजीवर पाने मांडायची कशी?

तेव्हा आम्ही ठरवले की पानावर फक्त व्यंजन लिहायचे आणि स्वर ज्याचा त्याने आपल्या मनाचा घालायचा. क हे पान आले की ते क, का, कि, की, कु, कू यांपैकी तुम्ही म्हणाल ते. अनुस्वार फुकट. दोन व्यंजने जोडली तर जोडाक्षर, आणि त्याला दुप्पट गुण. एवढ्या एका सवलतीने ३८४ पानांचे काम सहासष्ट पानांत भागले. बट्ससाहेबांप्रमाणे आम्हीही एका दैनिकाचे अर्धे पान मोजायला घेतले. मोजणी भाच्याची आणि टिपण माझे. वाचायचे नाही, नुसती अक्षरे मोजायची म्हटल्यावर तो आनंदाने अर्धा तास मराठी वर्तमानपत्र घेऊन बसला. र, त, न, क आणि ल यांची चार चार पाने केली. म, स, व, प, य यांची तीन तीन. च, ज, ट, ण, द, ग, ब, ह, ळ यांची दोन दोन. उरलेल्या तेरा अक्षरांचे एकेक पान. त्यात चार पाने नुसत्या स्वरांची घातली, म्हणजे 'आई' आणि 'ऊस' उपाशी राहणार नाहीत, आणि दोन विदूषक. 'ज्ञ' ज्याला हवा असेल त्याने ञ च्या जागी विदूषक खर्च करावा. एकूण बहात्तर पाने.

डाव सोपा आहे. प्रत्येकाला सात पाने वाटायची, बाकीचा गड्डा मध्ये पालथा. पाळी आली की निदान दोन पानांचा शब्द जमिनीवर मांडायचा, तो वाक्यात वापरून दाखवायचा आणि जितकी पाने गेली तितकी उचलायची. पानागणिक एक गुण. विशेषनामे चालणार नाहीत. येथपर्यंत सारे साधेच आहे. गंमत पुढच्या नियमात. मांडलेल्या शब्दाचीच व्यंजने घेऊन, नुसता स्वर बदलून, पुढच्याने दुसरा शब्द सांगितला तर त्याला एक गुण. मग त्याच्या पुढच्याने तिसरा. कुणीतरी अडेपर्यंत हे चालू.

पहिल्याच दिवशी माझ्या आईने म आणि ळ ही दोन पाने टाकून 'माळ' म्हटले. मी म्हटले 'मळा'. भाचा म्हणाला 'माळी'. आई 'मूळ', मी 'मुळा', भाच्याने जरा डोके खाजवून 'मेळा'. मग 'मोळी' आली, 'मळी' आली, 'माळा' आला, 'मळ' आला, 'मेळ' आणि 'मुळी'ही आली. दोन पानांतून बारा शब्द! भाचा ओरडला, "आत्या, हे इंग्लिशमध्ये होणारच नाही!" मराठीच्या बाजूने तो काही बोलल्याचे मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. खेळाचे नाव त्याने तेथल्या तेथे 'माळीमोळी' ठेवले आणि आमच्या घरात तेच रूढ झाले.

आता यात वाचन कुठे आले, असे कुणी विचारील. वाचन आले ते हिशेबाच्या वहीतून. पानावर स्वर नसल्यामुळे कोणता शब्द झाला हे कुठेतरी लिहून ठेवावे लागते. हिशेबनिसाचे काम आम्ही भाच्याला दिले आणि एक नियम लावला: वहीतला शब्द चुकीचा लिहिलेला दिसला, तर दाखवून देणाराला एक गुण, आणि तो हिशेबनिसाच्या खात्यातून वजा! झाले. आई चष्मा लावून वहीत डोकावू लागली. स्वतःचे गुण वाचवण्यासाठी भाचा लिहिण्याआधी विचार करू लागला. 'मुळ' लिहिले आणि एक गुण गेला. 'मूळा' लिहिले, आणखी एक गेला. तिसऱ्या दिवशी त्याने पेन खाली ठेवून विचारले, "मूळला मोठा ऊ आणि मुळाला छोटा उ, असं का?"

मी काही सांगितले नाही, फक्त वही उलटी चाळायला सांगितली. फूल, सून, पीठ, दीर ही एका बाजूला काढली, आणि मुळा, मुळी, किडा, विळी दुसऱ्या बाजूला. बराच वेळ बघून तो म्हणाला, "शेवटी काना किंवा वेलांटी आली की आधीचं आखूड होतं." वाचकहो, १९६२ साली शासनाने शुद्धलेखनाचे जे चौदा नियम मान्य केले (१९७२ मध्ये त्यांत आणखी चार मिळाले), त्यांपैकी एक नियम या मुलाने सतरंजीवर बसून, तोंडात चकली धरून शोधून काढला. हाच नियम मी दर वर्षी पदवीच्या वर्गाला सांगते, आणि दर वर्षी उत्तरपत्रिकांत 'मूलगा' भेटतो.

अर्थात दुसऱ्याच दिवशी तो 'पूजा' घेऊन आला. शेवटी काना, आणि आधी दीर्घ ऊ! मग त्याला सांगावे लागले की हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले पाहुणे आहेत, आणि पाहुण्यांना आपण घरचे नियम लावत नाही. "म्हणजे प्रत्येक शब्दाला विचारायचं, तू घरचा की पाहुणा?" असे म्हणून तो 'गीता' आणि 'क्रीडा' वहीत टिपू लागला.

शब्दावरून भांडण होणारच, आणि ते व्हावेच. भाच्याने माळ या शब्दाला व हे पान जोडून 'माळवा' केला. इतिहासाच्या पुस्तकात त्याने हे नाव पाहिले होते. मी म्हटले, प्रांताचे नाव, विशेषनाम, चालणार नाही. त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, माळवं म्हण की! आमच्याकडं भाजीपाल्याला माळवंच म्हणतात. बाजारात माळवं लई महाग झालंय." आई सातारकडची. तिच्या तोंडी हा शब्द मीच कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. पुण्यात येऊन तिने तो कुठे गुंडाळून ठेवला होता कोण जाणे! शब्दकोश काढला, 'माळवे' निघाले, तीन गुण मंजूर झाले. आता वहीत काय लिहायचे, माळवं की माळवे? पुन्हा दहा मिनिटे चर्चा. बोलताना अनुस्वार आणि ग्रांथिक लिहिताना मात्रा, हे पाठ्यपुस्तकातून शिकवायला गेले तर मुलाला जांभई येते. येथे तीन गुणांचा प्रश्न होता.

त्या दिवसापासून आम्ही शब्दकोशाबरोबर आजीलाही प्रमाण मानले. मोल्सवर्थने आपला कोश १८३१ साली केला, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघू लागले. या मंडळींनी जे शब्द गोळा केले तेही अखेर कुणाच्या तरी आजीच्याच तोंडचे असणार.

पत्त्यांचा एक गुण मला बुद्धिबळापेक्षा फार मोठा वाटतो. तो म्हणजे नशीब. बुद्धिबळात जाणत्या माणसापुढे मूल नव्व्याण्णव वेळा हरते आणि शंभराव्या वेळी खेळायलाच येत नाही. पत्त्यांत पाने कुणाला कशी येतील याचा नेम नाही. माझ्या हातात ढ, छ, थ आणि ष एकदम आले, तेव्हा माझी एम. ए. ची पदवी काही कामाची नव्हती. शेजारी बसलेल्या भाच्याला र, त, न, क, ल आले आणि त्याने मला धुऊन काढले. म्हणून माझे सांगणे आहे की मुलाला मुद्दाम जिंकू देऊ नका. त्याला ते लगेच कळते, आणि अपमान वाटतो. नशीब ते काम आपल्यापेक्षा चांगले करते.

खेळ बुडवण्याचे सामर्थ्य मात्र मोठ्या माणसांत भरपूर असते. आमच्या शेजारचे एक सद्गृहस्थ दोन दिवस खेळायला आले. मुलाने शब्द चुकवला की ते म्हणत, "आता हा पाच वेळा लिही बघू!" तिसऱ्या दिवशी दारावरची घंटा वाजली तेव्हा भाचा पाने उचलून आतल्या खोलीत पसार झाला. चुकीची शिक्षा एक गुण, तेवढीच. चुकीला पाच वेळा लिहिण्याची शिक्षा झाली की तो वर्ग झाला, आणि वर्गाला सुट्टी आहे म्हणून तर मूल पुण्याला आले आहे!

म्हणींचा गुलामचोर हा आमचा दुसरा खेळ. म्हण मध्येच तोडून दोन पानांवर लिहायची. 'आधी पोटोबा' एका पानावर, 'मग विठोबा' दुसऱ्यावर. 'नाचता येईना' आणि 'अंगण वाकडे' ही दुसरी जोडी. अशा वीस-बावीस जोड्या, आणि एक अर्धे पान जोडीदाराशिवाय. ते ज्याच्या हातात शेवटी राहील तो चोर. येथे वाचल्याशिवाय गत्यंतरच नाही, कारण शेजाऱ्याच्या हातातून ओढलेले पान कुणाला दाखवून विचारता येत नाही. गुपित स्वतःच वाचावे लागते. धाकटी मंडळी चुकीच्या जोड्या लावतात, त्यांवर रागावू नये. 'नाचता येईना, मग विठोबा' ही नवी म्हण आमच्याकडे त्यातूनच जन्मली आणि आता ती परीक्षेच्या आदल्या रात्री वापरली जाते.

अक्षरओळख नसलेल्या चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी चित्रांची पाने करून नॉट ॲट होम खेळावा. एका रंगाच्या चार वस्तूंचा संच. अट एकच, मागणी पूर्ण वाक्यात करायची. "तुझ्याकडे हिरवा दोडका आहे का?" "तुझ्याकडे हिरवी मिरची आहे का?" "हिरवे कारले आहे का?" हल्ली मुले सर्रास 'तो गाडी' म्हणतात, त्यावर व्याकरणाचा तास घेण्यापेक्षा 'हिरवा मिरची' मागणाराला पान द्यायचे नाही, हा उपाय फार लवकर लागू पडतो.

या सगळ्याला पैसे लागत नाहीत. दुकानांतून शैक्षणिक खेळांच्या चकचकीत पेट्या दिसतात, त्यांची किंमत पाहून मला नेहमी ताराबाई मोडक आठवतात. ताराबाईंनी १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. माँटेसोरीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पाने, खडे जे आसपास मिळेल त्यातून त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी साधने तयार केली. मूल ज्या वस्तूला रोज हात लावते तिच्यातून ते शिकते, हे त्यांना ठाऊक होते. चित्रांच्या पानांसाठीही परदेशाकडे बघण्याचे कारण नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा कुणी पाहिली असेल तर आठवा: वाटोळी पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, एकूण एकशेवीस. मासा दिसला की मत्स्य, कासव दिसले की कूर्म, परशू दिसला की परशुराम. वाचता न येणाऱ्या मुलालाही ती पाने वाचता येतात.

भाच्याचा वाढदिवस फेब्रुवारीत असतो. या वर्षी आईने पत्र लिहिले तेव्हा मी तिला सुचवले, जरा सुटे सुटे अक्षर काढ. तिने ऐकले नाही. शिरोरेघ एका दमात ओढायची आणि लपेटीदार लिहायचे, ही तिची जन्माची सवय. वहिनी सांगतात की पत्र आल्यावर तो गॅलरीत जाऊन बसला. पाऊण तास लागला. मध्ये दोनदा आत आला आणि अंगठ्याने बाकीची ओळ झाकून एकेक शब्द तेवढा विचारून गेला. पत्रात काय होते हे आम्हांला कुणालाच ठाऊक नाही. आई सांगत नाही, आणि तो तर नाहीच नाही. मात्र त्या दिवसापासून तो माझ्या भावाकडे पाहून अधूनमधून हसतो.

ज्यांना या सुट्टीत माळीमोळी करायची असेल त्यांना एक व्यवहाराची गोष्ट सांगते. पानांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापाव्यात. कागद जाड असतो आणि घरात त्यांचा ढीग असतो. परंतु पाठ कोरी आहे ना, हे पाहून घ्यावे. आमच्या पहिल्या गड्ड्यातल्या एका पानाच्या पाठीवर गणपतीची अर्धी सोंड राहिली होती. ते पान नेमके ढ चे. सोंड वर आली की सारे गड्ड्याकडे टक लावून बसत, आणि उचलण्याची पाळी माझी असली की भाचा मोठ्या भक्तिभावाने हात जोडी.